आपोआप म्हणजे कोण?

पुण्यातल्या घरांत उजेडाची स्वयंचलित व्यवस्था फार जुनी आहे. तिन्हीसांजा झाल्या की आतून "अरे, दिवे लावा कोणीतरी" असा आवाज येतो आणि दिवे लागतात. माणूस पाणी प्यायला म्हणून खोलीतून उठला की "तिथे आता कोण बसलंय?" असा दुसरा आवाज येतो आणि दिवा जातो. या यंत्रणेला सेन्सर लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, बॅटरी तर नाहीच नाही. घरात एक ज्येष्ठ माणूस असला की भागतं. आमच्याकडे दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आईचा विरोध अंधाराला, बाबांचा बिलाला. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. घरातला प्रत्येक वॅट आपल्या सहीने खर्च होतो, असं ते अजून मानतात.

अशा घरात भाच्याने एका रविवारी जाहीर केलं, की मामाच्या लॅपटॉपचा पडदा यापुढे खोलीतला उजेड बघून आपोआप कमी-जास्त होणार.

बाबांनी पेपर खाली केला. "आपोआप म्हणजे कोण करणार?"

वरवर पाहता प्रश्न म्हातारपणाचा वाटतो. पण या विषयावर इतकं मुद्द्याचं मी नंतर कोणाकडूनच ऐकलं नाही.

लॅपटॉप जुना. कुठल्याशा ऑफिसातून सेवानिवृत्त होऊन माझ्याकडे आलेला, पडदा पाठीमागे पूर्ण वळून पाटीसारखा सपाट होतो असल्या जातीचा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला प्रोसेसर आठव्या पिढीचा तरी हवा, माझा निघाला सातव्या पिढीचा. पिढ्यांचा एवढा हिशेब आम्हाला फक्त सराफांच्या पाट्यांवर वाचायची सवय, आणि तिथे जितक्या पिढ्या तितका भाव जास्त, इथे मात्र सातवी पिढी असूनही रद्दीत. तेव्हा भाचा म्हणाला, "लिनक्स टाकून देतो, मामा. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर बाबा सावध झाले, कारण फुकटचं बिल उशिरा येतं पण व्याजासकट येतं, हा त्यांचा नोकरीतला अनुभव.

बिल काही आलं नाही. लिनक्स सुरळीत बसलं. वायफाय लागलं, आवाज आला, आणि आधीच्या राज्यात माझ्याशी कधी धड न बोललेला प्रिंटर मुकाट्याने पानं काढायला लागला. अडलं ते फक्त उजेडापाशी. दुपारी गॅलरीत बसलो तर पडद्यावर अक्षरांऐवजी माझाच चेहरा दिसे. रात्री अकराला तोच पडदा उघडला की खोलीत मंगल कार्यालयाचा हॅलोजन लागल्यासारखं होऊन बायको पांघरुणातून विचारी, "कोणाचं लग्न आहे?" हाताने कमी-जास्त करायची कळ होतीच, पण हाताने करायचं असतं तर एवढं शिकलो कशाला?

खरी चीड येते ती याची, की माझ्या खिशातला फोन हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट करतोय. आणि अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे! तोच गाभा, तोच वारसा. २०१८च्या अँड्रॉइड ९मध्ये तर तुम्ही उजेड कधी, किती बदलता हे पाहून फोन तुमची सवय शिकायला लागला. मग तोच गाभा टेबलावरच्या यंत्रात गेला की आंधळा कसा होतो? भाच्याने उत्तर दिलं ते चोख होतं. फोन बनवणारी कंपनी डोळा बसवते, त्याचं माप घेते आणि किती उजेडाला पडदा किती हवा याचं कोष्टकही स्वतःच भरून देते. लॅपटॉपवाले डोळा बसवतात खरे, पण कोष्टक देतात विंडोजच्या हवाली. लिनक्सवाल्याने ते नंतर आपलं आपण शोधायचं. लग्नाचं आमंत्रण आहे, कार्यालयाचा पत्ता मात्र दिलेला नाही.

लिनक्स पुण्याला परकं आहे असंही नाही. लिनस टोरवाल्डस नावाच्या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ला आपला नवा उद्योग जाहीर केला तेव्हा तो त्याला निव्वळ छंद म्हणत होता. त्याच वर्षी इकडे सी-डॅकने पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला. पुढे छंदाने महासंगणकालाही गाठलं. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सखेरीज दुसरं काही नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा फडकॉन नावाचा मेळावा २०११च्या नोव्हेंबरात इथेच, शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत, भरला होता. लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी ज्या लोहित नावाच्या अक्षरांत दिसत आली, ती अक्षरं सांभाळणारी माणसंही पुण्यातलीच. आणि इथून तासा-दोन तासांवर नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस प्रचंड थाळ्या आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. त्यांनी टिपलेली, हायड्रोजनची ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज २०२३मध्ये जगभर गाजली. एवढं सगळं दाराशी असताना माझ्या लॅपटॉपला डोक्यावरची ट्यूबलाइट दिसू नये, हे मनाला लागतं.

"दिसते रे," भाचा म्हणाला. "त्याला दिसते. तो कोणाला सांगत नाही एवढंच."

मग त्याने टर्मिनल उघडलं. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर सत्यनारायण सांगायला बसलेल्या गुरुजींचं गांभीर्य. लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तू म्हणजे एक फाइल असते, हे मला तेव्हा कळलं. पडद्याचा उजेड ही एक फाइल. तिच्यात एकच आकडा. शेजारी दुसरी फाइल, तिच्यातही एकच आकडा: उजेड जास्तीत जास्त किती असू शकतो. आमचा निघाला ९६,०००.

"छप्पन्न हजार काय?" बाबांनी मागून विचारलं. शहाण्णव ऐकूनही ते मुद्दाम छप्पन्न म्हणाले, कारण आकडा त्यांना मान्य नव्हता. "वॅट? ल्युमेन? कँडेला?"

"नुसतेच शहाण्णव हजार, आजोबा. एकक नाही."

"एकक नसलेल्या आकड्याचं बिल कसं काढता तुम्ही?"

भाचा गप्प बसला. वीज खात्यासमोर भलेभले गप्प बसतात.

त्यातली गोम अशी, की प्रत्येक लॅपटॉपचा कमाल आकडा वेगळा. कोणाचा हजाराच्या आत, कोणाचा लाखाच्या घरात. आणि तो शून्य केला तर काय होईल याचा नियमच नाही. काही यंत्रांत शून्य म्हणजे मंद उजेड, काहींत शून्य म्हणजे शून्य. आमचं यंत्र कोणत्या जातीचं हे बघायला भाच्याने फाइलीत शून्य लिहिलं.

पडदा काळाकुट्ट. बाजूचा दिवा जळतोय, पंखा फिरतोय, यंत्र जिवंत आहे, पण दिसत काहीच नाही. उजेड वाढवायची कळ दाबली तर ती ढिम्म. आकडा परत वाढवायचा तर लिहायला दिसायला हवं, आणि दिसायला आकडा वाढवायला हवा. असला पेच आमच्या कुटुंबात याआधी फक्त रेशनकार्ड आणि रहिवासी दाखल्याच्या वेळी आला होता. भाचा घामाघूम होऊन बंद-चालू करायच्या बटणाकडे हात नेत होता, तेवढ्यात बाबा उठले, कपाटावरचा मोठा टॉर्च आणला आणि पडद्यावर तिरका मारला. आणि काय सांगू, त्या काळोखात अक्षरं उमटली! फिकट, पाण्याखाली बुडालेली, पण वाचता येतील अशी.

"पडदा गेलेला नाही," बाबा म्हणाले. "मागचा दिवा गेलाय. चित्र आहे, उजेड नाही. आम्ही सबस्टेशनात रात्री असंच बघायचो." ते सबस्टेशनात नक्की काय बघायचे हे विचारायची ती वेळ नव्हती. बाबांनी टॉर्च धरला, भाच्याने आकडा लिहिला आणि आमच्या घरी मुक्त सॉफ्टवेअर आणि वीज खातं यांचा पहिला संयुक्त प्रकल्प यशस्वी झाला.

कळ का चालली नाही याचं कारण कळलं ते ऐकून तर मी आनंदाने डोलायचाच बाकी राहिलो. लिनक्सप्रेमींच्या आवडत्या एका परदेशी लॅपटॉपात मध्यंतरी नेमकं हेच होत असे. उजेडाचा सेन्सर आणि उजेडाच्या कळा दोघांचा माल एकाच दारातून आत यायचा. सेन्सरचा ड्रायव्हर त्या दारात उभा राहिला की कळांना आत प्रवेश नाही. त्यामुळे तिथल्या लोकांनी बराच काळ काय उपाय केला असेल? सेन्सरलाच काळ्या यादीत टाकलं. डोळा चालू ठेवायचा तर बोटं गेली, बोटं हवी तर डोळा मिटा. आमच्याही यंत्राला तोच रोग झाला होता. भाच्याने दोघांची समजूत कशी घातली ते मला कळलं नाही, आणि ज्या चेहऱ्याने त्याने सांगितलं त्यावरून त्यालाही पूर्ण कळलं नसावं.

आता डोळ्याविषयी. कॅमेऱ्याशेजारी टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका असतो, तोच तो. उजेड पडला की तो आकडा देतो. पण हा आकडा लिनक्सच्या गाभ्यात ज्या खात्याकडे जातो त्याचं नाव आहे इंडस्ट्रियल आयओ. हे खातं मुळात मोजमापाच्या चिपांसाठी, तापमान, दाब, विजेचा दाब मोजणाऱ्या. म्हणजे माझ्या लॅपटॉपचा डोळा कागदोपत्री भोसरीच्या एमआयडीसीत कामाला. तिथून निरोप घरापर्यंत आणायला मधे एक मुकादम लागतो, आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी नावाचा छोटा प्रोग्राम. तो बसवला की सेटिंग्जच्या पॉवर विभागात 'आपोआप उजेड'चं बटण उगवतं. नाही बसवला तर बटण दिसतच नाही, आणि माणूस उगाच समजतो की लॅपटॉपला डोळाच नाही.

हा मुकादम उजेडाचा आकडा सांगताना एककही सांगतो, हे बाबांना आवडलं. पण ते एकक दोन प्रकारचं असतं: एक लक्स, दुसरं 'व्हेंडर'. म्हणजे सेन्सर बनवणाऱ्याने काय माप ठरवलं असेल ते. जगभरच्या अभियंत्यांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये 'दुकानदाराच्या मापाने' अशी अधिकृत सोय आहे, हे वाचून मंडईत जन्म गेलेल्या माणसालाही भरून येईल. आमचं माप सुदैवाने लक्स निघालं.

भाच्याने मुकादम बसवला आणि पडदा आडवा झाला.

आडवा म्हणजे अक्षरं भिंतीच्या दिशेने. कारण हाच मुकादम लॅपटॉप किती कललाय तेही सांगतो. आमच्या यंत्राने त्याला सांगितलं की मी कुशीवर पडलोय. कलमापक चिप कारखान्यात कोणी कशीही बसवतो, आणि कुठल्या मॉडेलात ती कोणत्या दिशेला तोंड करून बसलीये याची एक लांबलचक यादी लिनक्सवाल्यांनी करून ठेवलीये. ती यादी कंपन्यांनी दिलेली नाही. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी आपापला लॅपटॉप हातात घेऊन, डावीकडे कलवून, उजवीकडे कलवून, उलटा करून, एकेक ओळ लिहून पाठवलीये. यादी वाचताना मला गलबलून आलं. एवढी परोपकारी कसरत आमच्या सोसायटीच्या सभेला नुसतं हजर राहण्यासाठीही कोणी करत नाही. आमचं मॉडेल त्या यादीत नव्हतं. तेव्हा भाच्याने लॅपटॉप दोन्ही हातांत धरून हॉलमध्ये आरतीच्या तबकासारखा फिरवला आणि एका ओळीची भर घातली. आईने नकळत हात जोडले.

मग पडदा सरळ झाला, बटण चालू झालं आणि खरं काम सुरू झालं.

काळ्या खिडकीत आकडे धावायला लागले. भर उन्हात अंदाजे एक लाख लक्स, ढगाळ दिवशी दहा हजारांच्या आसपास, चांगल्या ऑफिसात तीनशे ते पाचशे, रात्री आमच्या हॉलमध्ये शंभराच्या घरात, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सदेखील जेमतेम. माणसाचा डोळा हे सगळं एकाच आयुष्यात, कित्येकदा एकाच दिवसात निभावतो, आणि त्याचं श्रेय घ्यायला कोणी येत नाही. गुस्ताफ फेख्नर नावाच्या जर्मन माणसाने १८६०मध्ये मांडून ठेवलंय, की डोळा फरक मोजतो तो पटीत. दहा लक्सचे वीस झाले तर लगेच जाणवतं, हजाराचे हजार दहा झाले तर पत्ता लागत नाही. म्हणून ज्याने फाइलीतला आकडा सरळ रेषेत वाढवला त्याचा पडदा खालच्या टोकाला एकदम झेप घेतो आणि वरच्या टोकाला कितीही वाढवला तरी ढिम्म. हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पेन्शनवाढीचं तसंच असतं." यात फेख्नरचा सगळा नियम आला.

पण आकडे स्थिर राहीनात. १८०, ९५, १७६, १०२, १८१. खोलीत कोणी हललं नव्हतं, दिवा तोच, वेळ तीच. पडदा मात्र श्वास घेतल्यासारखा वर-खाली. शेवटी आईने वर पाहिलं. छतातल्या दिव्याखाली पंखा फिरत होता, आणि त्याचं प्रत्येक पातं उजेडाचा एकेक तुकडा कापून सेन्सरवर टाकत होतं. ज्या कोणी हे प्रोग्राम लिहिले त्यांच्या घरी छताला पंखा नसावा.

याला उपाय आहेत आणि ते माणसांनाही लावावेत असे आहेत. एक म्हणजे, आलेल्या प्रत्येक आकड्यावर उडी मारायची नाही, जुन्या सरासरीत नवा आकडा थोडा थोडा मिसळायचा. दुसरा, फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेल्याशिवाय हलायचंच नाही. भाच्याने दोन्ही भरपूर घातले. इतके, की पंख्याचा त्रास गेला, पण गॅलरीतून आत आल्यावर पडद्याला ऊन संपल्याचं पटायला चहा निवेपर्यंत वेळ लागे. मग कमी केले. मग पंखा परत दिसायला लागला. पंखा एकवर ठेवला तर सेन्सर खूश, पाचवर ठेवला तर मी खूश, असा तो तह.

सगळी परीक्षा झाली गणपतीत. आमच्या खिडकीसमोर मंडळाचा मांडव पडतो. त्याची रोषणाई आधी लाल, मग निळी, मग एकदम पांढरी, मग अंधार, मग सगळं एकदम, आणि हे गाण्याच्या ठेक्यावर. लॅपटॉप खिडकीपाशी ठेवला तर पडदा दहा दिवस नाचला. मिरवणुकीत नाचायचं वय गेलेला माणूस घरात बसून मुद्रितं तपासतोय आणि त्याचा पडदा ढोलावर थिरकतोय, हे चित्र शेजाऱ्यांनी पाहिलं नाही ही त्या गजाननाची कृपा.

भाच्याला मात्र चैन पडेना. त्याने फोनवर लक्स मोजायचं ॲप घेतलं आणि तो मेट्रोने फिरून आला. पिंपरीकडून येणारी गाडी शिवाजीनगरच्या अलीकडे उन्हातून थेट जमिनीखाली शिरते, आणि पुढचं कोर्टाजवळचं स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल. डब्यातले लोक डोळेही न मिचकावता फोनमध्ये गुंग असतात आणि सगळ्यांच्या सगळ्या काचा एकदम नम्रपणे मंद होतात. "एकानेसुद्धा वर पाहिलं नाही, मामा," तो हळहळून म्हणाला. त्याच्या मते तेच खरं आपोआप. कोणाला कळलं नाही तर झालं.

ते आमच्याकडे होईना, कारण आमच्याकडे सगळ्यांना सगळं कळतं.

कोष्टक भरायला घेतलं तेव्हा हे उघड झालं. इतक्या लक्सला पडदा इतके टक्के, अशा पाच-सहा ओळी लिहायच्या होत्या. परक्या देशातली कंपनी असती तर तिने त्या परस्पर लिहून टाकल्या असत्या आणि आम्ही निमूट मान्य केल्या असत्या. पण मुक्त सॉफ्टवेअर पडलं, त्याने फाइल उघडी ठेवली, आणि उघडी फाइल दिसल्यावर पुणेरी माणूस मत दिल्याशिवाय राहील? बायको म्हणाली, रात्री दहानंतर पाच टक्क्यांच्या वर काही नको. आई म्हणाली, साठाच्या खाली यायचं नाही, अंधारात वाचून डोळे जातात. मी तिला सांगितलं, की ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००७ साली हा समज वैद्यकीय गैरसमजांच्या यादीत घातलाय, डोळे थकतात, जात नाहीत. आई म्हणाली, "त्यांना त्यांच्या आईने सांगितलं नसेल." बाबांचं म्हणणं, पडदा पूर्ण उजळवला तरी फरक पडणार मोजून चार-पाच वॅटचा, एवढ्यासाठी तरणाताठा मुलगा आठवडा घालवतो, तर तेवढ्या वेळात खोलीतल्या ट्यूबचा स्टार्टर बदलून झाला असता. आमच्या ट्यूबला स्टार्टर नाही, ती एलईडी आहे, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

भाच्याने वेगळा मार्ग काढला. क्लाइट म्हणून एक प्रोग्राम आहे. ज्यांना सेन्सरच नाही त्यांच्यासाठी तो वेबकॅमने मधूनमधून खोली टिपतो आणि त्यावरून उजेडाचा अंदाज बांधतो. कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा दर थोड्या वेळाने लुकलुकायला लागल्यावर बाबा बनियनवर शर्ट चढवून हॉलमध्ये बसायला लागले. क्लाइट गेला. मग आला डब्ल्यूलूमा. हा अधिक हुशार. पडद्यावर पांढरं पान आहे की काळं तेही बघतो, आणि तुम्ही हाताने उजेड बदललात की ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी तसं वागतो. कोष्टक भरायची गरजच नाही, घरच्यांना बघून शिकेल. कल्पना सोन्यासारखी. फक्त आमच्या घरी लॅपटॉप चौघं वापरतात. सकाळी बाबा शेअर बघताना उजेड उतरवायचे, दुपारी आई कीर्तन लावताना चढवायची, संध्याकाळी बायको ऑफिसचं काम घेऊन बसली की पुन्हा उतरवायची, रात्री मी. बिचारं यंत्र चौघांकडून एकाच उजेडाला चार गोष्टी शिकलं आणि शेवटी सगळ्यांचा मान राखून मधोमध स्थिरावलं. आता तो उजेड कोणालाच पसंत नाही. कोणावर अन्याय झालेला नाही, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.

तेव्हा बाबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं मी समजतो. आपोआप म्हणजे कोणीतरी. फोनमध्ये हा कोणीतरी दूर कुठल्यातरी कंपनीत बसलेला असतो, आपल्याला त्याचं नाव ठाऊक नसतं आणि म्हणून त्याच्याशी भांडण होत नाही. लिनक्समध्ये तो कोणीतरी म्हणजे आपणच. सेन्सर, ड्रायव्हर, मुकादम, सरासरी, सगळं जगभरच्या भल्या माणसांनी तयार करून ठेवलंय. उरतो फक्त एवढा प्रश्न, की माणसाला किती उजेड पुरे. त्याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही आणि आमच्या घरात तर मुळीच नाही. सध्या प्रत्येकाने आपापल्या नावाने लॉगिन करायचं आणि प्रत्येकाचं कोष्टक वेगळं, असा तोडगा भाच्याने काढलाय. बाबांनी आपल्या कोष्टकात सगळ्या ओळींपुढे तीस लिहिलंय. म्हणजे त्यांनी पंधरवड्याच्या खटपटीनंतर मिळालेली स्वयंचलित व्यवस्था बंद करून घेतली, पण रीतसर, फाइलीत नोंद करून.

तुमच्याही लॅपटॉपवर लिनक्स असेल आणि सेटिंग्जमध्ये हे बटण दिसत नसेल, तर नशिबाला बोल लावण्याआधी आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी बसवा, टर्मिनलमध्ये 'मॉनिटर-सेन्सर' असं इंग्रजीत, मधे आडवी रेघ देऊन लिहा, आणि कॅमेऱ्याशेजारच्या ठिपक्यावर बोट ठेवा. आकडा पडला तर यंत्र शाबूत आहे. फाइलीत शून्य लिहू नका, लिहिलंत तर टॉर्च जवळ असू द्या. तिथून पुढचा तंटा तुमच्या घरातला आहे, तो तुम्हीच मिटवा. आमच्या भाच्याला बोलावू नका, त्याची परीक्षा आहे.